अष्टावधानी व्हा म्हणे!

काल २० तारीख. हिशेबाच्या कामातल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे. बाकीच्यांसाठी: जीएसटीचं थ्री-बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात एसी बंद, पोर्टल गोगलगाय झालेलं, आणि मी एका क्लायंटची बिलं चढवतेय. केबिनमधून साहेब, "तो बँकेचा मेल बघून घे हां जरा." उघडला. अर्धा वाचला तोवर घरून आईचा फोन. "बांगडे नाहीत गो, तारले घेऊ?" घे म्हटलं. परत बिलांकडे वळते तर ऑफिसच्या ग्रुपवर केक कोण आणणार याची चर्चा. अंगठा टाकला नाही तर "काय गो, रागावलीस?" आहेच.

संध्याकाळी ताळा जुळेना. १,८०० चा फरक. ९ ने भाग जातो म्हणजे बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे आम्हाला पाठ. पण कुठे? दीड तास शोधलं. ४८,६०० चे ४६,८०० केले होते मी. नोंदीची वेळ ११.४२, आईचा फोन ११.४१. तारल्यांनी खाल्लं माझं बिल! फोंड्याची नेहमीची बस गेली ती गेलीच.

वर साहेबांचं प्रवचन: "मल्टिटास्किंग जमायला हवं. अष्टावधानी व्हा!"

अहो, अष्टावधानात काय होतं ते तरी माहीत आहे का? आठ जण प्रश्न विचारतात, पण पाळीपाळीने. त्यातला एक मुद्दाम भलतंसलतं विचारून लक्ष उडवायलाच बसवलेला असतो. तो एक! आणि तो झेलायला माणूस वर्षानुवर्षं तयारी करतो. आमच्याकडे असले नऊ आहेत, दहावे तुम्ही.

मल्टिटास्किंग हा शब्दही मुळात कॉम्प्युटरकडून उचललेला. आणि तो बिचारा तरी एका प्रोसेसरवर एकदम चार कामं कुठे करतो? इकडून तिकडे भराभर उड्या मारतो, फक्त कुठे थांबलो होतो ते लिहून ठेवतो. माझ्या डोक्यात तशी वही नाही. १९२७ साली आर्थर जर्सिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना आकड्यांचे रकाने दिले होते. एकात नुसती बेरीज, एकात नुसती वजाबाकी, एकात आलटूनपालटून. आलटूनपालटून करताना वेळ जास्त लागला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी माझीच नोकरी तपासली त्याने! २००९ मध्ये संशोधक सोफी लरॉय यांनी पुढचं सांगितलं: काम अर्धवट सोडून उठलं की मन त्यातच थोडं चिकटून राहतं. अगदी. ४६,८०० टाइप करताना बोटं बिलावर होती, मन मासळी बाजारात.

आणि हे फक्त ऑफिसात थोडंच आहे? परवा पर्वरीला जायला पायलट, म्हणजे आमच्याकडची भाड्याची मोटरसायकल, केला. पठ्ठ्या हेल्मेटात मोबाईल खुपसून मांडवी पुलावर भावाशी जमिनीच्या म्युटेशनवरून, म्हणजे नाव चढवण्यावरून, भांडतोय. मला उतरायचं होतं सचिवालयाकडे, तो सरळ म्हापशाच्या वाटेला. ओरडले तेव्हा थांबला, वर म्हणतो, "बाय, तुवें सांगूंक जाय आशिल्लें." सांगितलं होतं रे बाबा, दोनदा! इथे निदान वळणच चुकलं. पुलावर मी जीव मुठीत धरून बसले होते ते वेगळंच.

माझी आजी अशा कामाला "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणायची. तेच आता बायोडाटात गुण म्हणून छापतात.

आज सकाळी कळलं, माझ्या हाताखाली एक मुलगी घेणार आहेत. जाहिरातीत पहिली ओळ 'मल्टिटास्किंग येणे आवश्यक' हवी. मसुदा मीच करायचा. आत्ता, लगेच, हातातलं काम बाजूला ठेवून.