नाच बंद करा म्हणण्याआधी

दिवाळी उलटली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडई नावाची गावजत्रा भरते, रात्री नाटक होतं आणि त्यातल्या नाचावरून भांडण पेटतं. यंदाही गडचिरोलीतल्या वडशाच्या एका नाटक कंपनीशी बोलणी चालू असल्याचं मंडळाच्या पोरांनी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, नाच नकोच, बायाबापड्या बसलेल्या असतात. दुसरा म्हणतो, नाच नसला तर तिकीट कोण काढणार?

मी जर्मनीत वुपरटालला राहतो. इथल्या नगर नाट्यगृहाच्या प्रमुखाने १९७३ साली पीना बाउश नावाच्या ३३ वर्षांच्या बाईच्या हाती तिथला बॅले, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, दिला. झोलिंगनच्या एका छोट्या हॉटेलवाल्याची ही पोर. दोन वर्षांनी तिने स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीतावर ‘वसंतबळी’ बसवलं, तेव्हा सगळ्या रंगमंचावर काळी पीट माती पसरली होती. नाचणारे तिच्यात लोळतात, घामाने माती अंगाला चिकटते, धापा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात आणि लाल झगा वाट्याला आलेली मुलगी मरेपर्यंत नाचते. धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवस काढलेल्या माझ्या आईला हे मी न सांगता कळलं असतं. वुपरटालच्या सभ्य मंडळींना मात्र त्या काळात तिचे खेळ झेपले नाहीत. लोक दारं आपटून निघून जात. तरी तिची नोकरी टिकली, नाचणाऱ्यांचा पगारही.

माझा मुद्दा या पगाराचा आहे. पीना तालमीत नाचणाऱ्यांना प्रश्न विचारायची, ते बोलून किंवा अंगाने उत्तर द्यायचे, त्यातून खेळ उभा राहायचा. ‘कोन्टाक्टहोफ’ हा तिचा १९७८ चा खेळ तिने २००० साली ६५ वर्षांवरच्या, कधी न नाचलेल्या गावकऱ्यांकडून करून घेतला. याला वेळ लागतो आणि वेळेला पैसे. आपल्याकडची नाचणारी पोरगी गाडीतून उतरते, शाळेच्या खोलीत तोंड रंगवते, रेकॉर्ड लागली की नाचते आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी. नाटकाशी तिचा संबंध काय, हे तिला कुणी सांगतच नाही. मग अश्लील म्हणून शिव्या तिलाच. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या अभिमानात या पोरीचा वाटा कुणी धरला नाही.

‘जर्मनी बघा’ असं मात्र मी म्हणणार नाही. इथली कला सरकारी पैशावर जगते. शहराचा खिसा रिकामा झाला तसं २०१३ मध्ये इथलं नाटकघरच बंद केलं. झाडीपट्टीचं नाटक धान विकून तिकीट काढणाऱ्यांच्या जिवावर रात्रभर चालतं. ही ऐट वुपरटालकडे नाही. म्हणूनच, पैसे आपले असताना आपण फक्त ‘नाच ठेवा’ की ‘काढा’ एवढंच बोलावं, याचा राग येतो.

कंपनीशी ठेका अजून पक्का झालेला नाही. त्यात लिहून घ्या: नाच याच नाटकासाठी बसवायचा, नाचणारीला तालमीचे पैसे वेगळे आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. तालमीचा खर्च मी पाठवतो. खोलीचं तेवढं सरपंचांनी बघावं.