एकाग्र माणसाची दिनचर्या (नळाला पाणी नसलेल्या दिवसांसाठी)

गेल्या महिन्याच्या १९ तारखेला मी ४९९ रुपये भरून एकाग्रता विकत घेतली आणि २० तारखेच्या रात्री ती आमच्या हौदात बुडाली. खरेदी एका वातानुकूलित सभागृहात, तीन तासांच्या शिबिरात झाली. रोजच्या साध्या सवयींनी कामाचा उरक दुप्पट कसा होतो, हे तेथे शिकवले गेले आणि जाताना प्रत्येकाला एक जाड डायरी मिळाली, जिच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि ‘आज पाळलेल्या सवयी’ अशी चौकट छापलेली आहे. व्याख्याते बाहेरगावचे होते. त्यांच्यासमोर पाण्याची सीलबंद बाटली होती, ती त्यांनी निम्मी प्यायली आणि उरलेली तशीच टेबलावर सोडून ते निघून गेले. सभागृहातील निदान चार बायकांनी त्या बाटलीकडे वळून पाहिले, हे मी पाहिले आहे.

ज्यांचे ४९९ रुपये वाचले त्या सोलापूरकरांसाठी त्या सवयी येथे देत आहे. मी घरून जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. काही यंत्रमागवाले, टॉवेल-चादरीचे दोन व्यापारी आणि काही किराणा दुकानदार असे एकूण अकरा पक्षकार माझ्याकडे आहेत. महिन्यातल्या ११ आणि २० या विवरणपत्रांच्या दोन शेवटच्या तारखांना माझे चित्त थाऱ्यावर असावे एवढीच माझी आणि त्यांची अपेक्षा असते, तेव्हा पुढील उपदेश अनुभवी माणसाचा आहे असे समजावे.

सर्वप्रथम, पहाटे उठावे. सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होऊन ४८ मिनिटे चालणारा ब्राह्ममुहूर्त बुद्धीच्या कामाला उत्तम, असे व्याख्याते म्हणाले. इतर गावांतल्या लोकांना त्यासाठी म्हणे गजर लागतो, निश्चय लागतो, उशाशी लिहून ठेवलेले ध्येय लागते. आपल्याला यातले काही लागत नाही. पाणी साडेतीनला सुटले की शेजारची मोटर सुरू होते, तिच्या पाठोपाठ समोरची, आणि भिंतीतून येणारी ती घरघर ऐकून गाढ झोपलेला माणूसही डोळे उघडण्याआधी बादली शोधू लागतो. पुढच्या तासात ध्यान, व्यायाम आणि दिवसाचे नियोजन उरकायचे असते. तिसरी घागर जिन्यावरून वर नेईपर्यंत व्यायाम होतो, पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज कधी बदलतो याकडे कान लावून उभे राहणे हे ध्यानच आहे, आणि नियोजन म्हणाल तर या पाण्यात किती दिवस काढायचे याचा हिशेब आपोआप सुरू झालेला असतो.

उठल्याबरोबर दोन पेले ताजे पाणी प्यावे. दर पाचव्या दिवशी.

काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, हा नियम मी पहिल्याच दिवशी पाळला आणि तो पाळता येत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळले. पाणी सुटल्याची बातमी आमच्या कॉलनीत आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते आणि नंतर नळाला येते. ‘आलं काय ओ पाणी?’ असा प्रश्न सकाळी सहाला पडतो, त्यावर ‘आमच्यात नाही’, ‘आमच्यातबी नाही’, ‘मागच्या गल्लीत आलंय म्हणे’ अशी तीस-चाळीस उत्तरे येतात, मध्येच कोणीतरी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहून पाठवतो, आणि त्या फुलाखाली गाडली गेलेली खरी बातमी ज्याने वाचली नाही त्याचे पाच दिवस गेले. कामात एकदा व्यत्यय आला की मन पुन्हा त्याच जागी यायला सुमारे २३ मिनिटे लागतात, असा एक आकडा अमेरिकेतील संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या नावाने सर्वत्र सांगितला जातो. आमच्या शिबिरातही तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकला. दर वीस मिनिटांनी नळाची तोटी फिरवून बघणाऱ्या माणसाने हे गणित करून पाहावे. प्रत्येक खेपेला त्याची तीन मिनिटे बाकी राहतात, आणि संध्याकाळपर्यंत तो उजनी धरणाच्या साठ्यासारखा उण्यात जातो.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती, ही पद्धत मात्र आपल्याला सहज जमण्यासारखी आहे. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून अभ्यास केला आणि त्यावरून या पद्धतीला इटालियन भाषेतले टोमॅटोचे नाव पडले. आपल्याला टोमॅटो नको. दाब कमी असताना २०० लिटरचे पिंप भरायला आमच्याकडे नेमकी तेवढीच मिनिटे लागतात, आणि ते भरून वाहू लागले की खालच्या मजल्यावरून जी हाक येते ती कोणत्याही घड्याळापेक्षा परिणामकारक असते.

टेबलावर पसारा नसावा. टेबलावरची कळशी, प्रेशर कुकर आणि तिन्ही पातेली भरलेली असल्यामुळे ती तेवढी राहू द्यावीत.

दुपारी बारा ते चार या वेळात कठीण काम घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत सोपेही घेऊ नये.

शांत जागा निवडावी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, ती मिरवणुकीच्या दिवशी मोठ्याने वाचावी. कोणाला ऐकू जाणार नाही.

आता मुख्य सवयीकडे येतो, कारण माझे ४९९ रुपये तिच्यासाठीच गेले. दिवसाचे सर्वात महत्त्वाचे काम आदल्या दिवशी ठरवावे, त्यासाठी सलग तीन तास राखून ठेवावेत आणि ते तास काही झाले तरी कोणाला देऊ नयेत, असे डायरीच्या पहिल्या पानावर छापलेले आहे. मी १९ तारखेच्या रात्री ती चौकट भरली: २० तारीख, रात्री नऊ ते बारा, उरलेली पाच विवरणपत्रे. पाणी १८ तारखेला येणार होते, ते आले नव्हते. १९ तारखेला येईल असे गटावर होते, तेव्हाही आले नव्हते. माझी पत्नी भावाच्या मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस बार्शीला गेली होती. घरात मी, संगणक आणि माझी नवी एकाग्रता, असे तिघेच होतो.

नऊ पस्तीसला स्वयंपाकघरातल्या नळाने फुसफुस केली. उठलो नाही, कारण तास राखून ठेवलेले होते. नऊ पंचेचाळीसला वरच्या मजल्यावरून आवाज आला, ‘अहो, पाणी सुटलंय, झोपला काय?’ तेव्हा उठलो. हौदाचे झाकण कोणत्या बाजूने उघडते हे मला ठाऊक नव्हते. पाईप सापडला, पण तो नळाला ज्या फडक्याने बांधतात ते फडके सापडले नाही. बार्शीला फोन लावला. मागे वऱ्हाडाचा गलबला चालू असताना पत्नीने एका दमात सांगितले, ‘अहो, आधी पिण्याचं भरा, मग हौदात सोडा. पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात, त्या झाडांना ठेवा. वरच्या टाकीला मोटर लावली की तिथंच उभं राहा, बॉल खराब झालाय, पाणी वाहून जाईल.’ तो बॉल दीड वर्षापासून खराब आहे हे मला त्या रात्री समजले.

धार करंगळीएवढी होती, कारण आमच्या अलीकडच्या चार घरांनी जलवाहिनीलाच मोटर जोडून रस्त्यातले पाणी ओढायला सुरुवात केली होती. पिण्याचे भरायला अर्धा तास गेला, हौद पाऊणसुद्धा भरला नाही, वरच्या टाकीपाशी मी पंधरा मिनिटे उभा राहिलो आणि अकरा वीसला ओल्या विजारीने संगणकापुढे येऊन बसलो. पाचपैकी दोन विवरणपत्रे गेली. उरलेल्या तिघांसाठी पक्षकाराच्या मोबाईलवर येणारा सहा आकडी ओटीपी हवा होता. सांगितलेल्या वेळी, म्हणजे दहा वाजता, तिघेही फोन हातात घेऊन बसले होते. पावणेबारा वाजता एकाचा फोन बंद होता, एकाने उचलला नाही, आणि तिसऱ्याने उचलून सांगितले की त्याच्याकडेही आत्ताच पाणी आले आहे.

बारा वाजले. एका दिवसाचे विलंबशुल्क प्रत्येकी ५० रुपये, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. तीन पक्षकारांचे १५० रुपये मी माझ्या खिशातून भरीन असे सांगितले, तरी चादरीच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मला विचारले, ‘काय साहेब, एवढं एक काम वेळेवर होईना काय?’ त्याला काय सांगायचे? तातडीचे काम आणि महत्त्वाचे काम यांतला फरक ओळखावा, त्यांच्या चार चौकटी कराव्यात, असेही त्या शिबिरात शिकवले होते. पाणी यांपैकी कोणत्या चौकटीत घालतात हे विचारायला मी हात वर केला होता, तेव्हा सभागृह हसले आणि व्याख्यातेही हसले.

उजनी उणे असते तेव्हा आपल्याला पाचव्या दिवशी पाणी येते आणि उजनी काठोकाठ भरून दरवाजे उघडतात तेव्हाही पाचव्याच दिवशी येते. ११७ टीएमसीच्या त्या धरणापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी आहे, पाकणीचे शुद्धीकरण केंद्र आहे, उंच टाक्या आहेत, चाव्या आहेत आणि एका भागाचे बंद करून दुसऱ्या भागाला सोडायचे चक्र आहे. त्यातले एक चाक अडकले की हद्दवाढ भागातला दिवस एकाने पुढे जातो. देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आपले नाव जानेवारी २०१६ मध्ये आले. तेव्हापासून माझ्या हातातला फोन चार वेळा बदलला आणि माझ्या हातातली बादली तीच आहे.

पण बादली माझ्या हातात नव्हतीच, आणि हे लिहिताना मला त्याचीच लाज वाटते. बावीस वर्षे मी स्वतःला एकाग्र माणूस समजत आलो. पक्षकारांना अभिमानाने सांगत आलो की मी एकदा बसलो की तीन तास उठत नाही. मी उठत नव्हतो, कारण ती उठत होती. साडेतीनला ती, दुपारी जेवणाच्या ताटावरून उठून ती, लग्नाच्या घरातून फोनवर तीच. तिच्या झोपेचे आणि तिच्या दिवसाचे जे तुकडे पडले, त्यांच्यावर माझे सलग तीन तास उभे होते. ती घरी बसून शिवणाचे काम घेते. तिच्या कामाला सलग तास लागत असतील, हा विचार मला बावीस वर्षांत सुचला नाही आणि ४९९ रुपये देऊन ऐकलेल्या तीन तासांत व्याख्यात्यांनाही सुचला नाही. पहाटे पाचला उठून ते दोन तास फक्त स्वतःसाठी ठेवतात म्हणे. त्या दोन तासांत त्यांच्या घरी चहाचे पातेले कोण घासते, हे कोणीतरी विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

बार्शीहून आल्यावर तिने ती डायरी उघडून पाहिली. तारीख आहे, वेळ आहे, मोकळी चौकट आहे, असे म्हणून तिने १८, १९ आणि २० तारखेसमोर पाणी कधी आले, किती वेळ आले आणि गढूळ होते की नाही ते माझ्याकडून विचारून लिहून घेतले. आता ती डायरी नळाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे आणि तिचा आमच्या घरात झालेला हा पहिला उपयोग आहे.

तेव्हा सवयी शिकवणाऱ्यांनो, तुम्ही सांगता त्या सवयी आमच्या अंगी लागत नाहीत याचे कारण आमचा आळस आहे असे पुन्हा म्हणू नका. ज्या गावात माणसाला पुढचे पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी येईल हे सांगता येत नाही, तेथे त्याला दिवसाचे नियोजन शिकवणे ही थट्टा आहे, आणि तिचे पैसे घेणे हा कोडगेपणा आहे. आणि वाहिनीला मोटर लावणाऱ्यांनो, तुम्ही पाणी भरत नाही, शेवटच्या घरातले पाणी चोरता. आमचीही मोटर होती; ती काही आम्ही तत्त्वासाठी काढली नाही, मागच्या उन्हाळ्यात जळाली म्हणून काढली, तरीही हे म्हणण्याचा हक्क मी सोडणार नाही. चार दिवस जपलेले पाणी, नवे आले की ‘शिळे’ म्हणून अंगणात ओतणारेही याच गल्लीत राहतात आणि गटावर सर्वात आधी तेच ओरडतात. राहिले आपण, ज्यांना घरात कोणीतरी पाणी भरून ठेवते असे सगळे पुरुष. टाकीचा बॉल १४० रुपयांना मिळतो. मी परवा आणून बसवला, पाऊण तास लागला, आणि त्यासाठी दीड वर्ष थांबायचे काहीही कारण नव्हते.

पुढच्या २० तारखेला पाणी सुटले तर ते मी भरणार आहे. विवरणपत्रे १८ तारखेलाच गेलेली असतील, आणि ज्या पक्षकारांना आपली बिले १५ तारखेपर्यंत आणून देणे जमत नसेल त्यांनी दुसरा माणूस पाहावा.