‘ओखा’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रियेबद्दल आभार. लॅटिनमधले झाडापानांचे शब्द आणि इटालियन-फ्रेंच-स्पॅनिशमधली त्यांची भावंडं यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘फोलिउमचा ओखा होत असेल तर उद्या कशाचंही काहीही होईल. असले उद्योग घरबसल्या कुणीही करतं.’ मतभेद जरूर असावेत. पण ‘असले उद्योग’? समोर बसून बोलत असतो, तर हेच शब्द वापरले असतेत का?

आता ओखा, म्हणजे स्पॅनिशमधलं पान. लॅटिन ‘फोलिउम’ म्हणजे पान, नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘फोलिआ’. बोलीतून नपुंसकलिंग मोडीत निघालं, तेव्हा हा आकारान्त ‘फोलिआ’ लोकांना स्त्रीलिंगी एकवचन वाटला. म्हणून इटालियन फोल्या, फ्रेंच फय आणि स्पॅनिश ओखा, तिन्ही स्त्रीलिंगी.

राहिला फ. कास्तियाच्या (स्पेनमधला प्रांत, तिथल्या बोलीतूनच आजची स्पॅनिश आली) बोलीत स्वरापूर्वीच्या आरंभीच्या फचा बहुतेक ठिकाणी ह झाला आणि पुढे तो हही उच्चारातून गळाला. लिहिताना अजून आहे. ‘फारिना’ (पीठ) झालं आरिना, ‘फुर्नुस’ (भट्टी) झाला ओर्नो, ‘फिलिउस’ (मुलगा) झाला इखो. या इखोतला ख ‘लिउ’मधल्या ‘लि’पासून (ल्य) आला, ओखातलाही ‘लिआ’मधल्या ‘लि’पासूनच. ‘आलिउम’ म्हणजे लसूण, त्याचा आखोही तसाच. आणि फचा ह खटकत असेल, तर संस्कृत ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं, भचा ह झाला, त्यातून आपलं ‘होणे’ आलं. तिथे म्हणता का तुम्ही ‘कशाचंही काहीही’?

घरबसल्या म्हणालात म्हणून सांगतो. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. वाळवलेल्या नमुन्यांखाली लॅटिन नावं लिहीत शिकलो, नोकरी सांभाळून संध्याकाळी स्पॅनिशचे वर्ग केले, आणि आज माझं घर स्पॅनिश कागदपत्रांच्या भाषांतरावर चालतं. हे शब्द माझ्या रोजच्या हाताखालचे आहेत.

रोमानियन वगळली, हे मान्य. तिथे झाडाच्या पानाला ‘फ्रुन्झा’ म्हणतात, लॅटिन ‘फ्रोन्स’ म्हणजे पालवी, त्यावरून. ‘फोलिआ’चा वंशज ‘फोआये’ कागदाच्या पानासाठी वापरतात. ते यायला हवं होतं.

स्पॅनिश ‘फ्लोर’चा (फूल) फ मग का टिकला, असंही विचारलंत. फनंतर ल आला की मामला वेगळा, त्यावर इथे लिहीत बसत नाही. ‘क्रेस्केरे’ (वाढणे) पासूनची क्रेशेरे, क्रेसेर, क्रुआत्र ही यादी तुम्हाला कंटाळवाणी वाटली, वाटू द्या.

फिलिउस-इखोचं दुसरं स्पष्टीकरण तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पुन्हा ‘उद्योग’ वगैरे लिहिलंत, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.