'डेथ नोट' कपाटातून काढण्याआधी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक सूचना आली. वाचनालयातील 'डेथ नोट' या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, सर्व खंड काढून टाकावेत, कारण त्यात खून करणारा मुलगाच नायक आहे आणि वाचणाऱ्या मुलांना तो आवडू लागतो. पाठोपाठ संमतीच्या अंगठ्यांची रांग लागली. त्यांपैकी कोणी पहिला खंड तरी उघडला असेल असे मला वाटत नाही. उत्तर लिहायला घेतले ते फार लांबले, म्हणून इथे लिहीत आहे.

मुलांना तो आवडू लागतो, हे अगदी खरे आहे. त्सुगुमी ओबा यांचे लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे त्यासाठीच राबतात. लाइट यागामी हा देखणा, अभ्यासात पहिला येणारा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. जिच्यात नाव लिहिले की माणूस मरतो अशी वही त्याच्या हाती लागते आणि तिचा पहिला बळी ठरतो लहान मुलांना ओलीस धरणारा एक गुन्हेगार, ज्याच्यासाठी कोणाचाच जीव तुटत नाही. लाइटच्या मनातला प्रत्येक विचार आपल्याला कळत राहतो, तर त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर 'एल' सुरुवातीला पडद्यावरचे केवळ एक अक्षर असतो. पुढे खोलीत छुपे कॅमेरे असताना लाइट वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही लपवून नावे लिहितो, तेव्हा तो सापडू नये म्हणून वाचकच श्वास रोखून धरतो.

माझ्या भाचीचेही असेच झाले होते. नववीत असताना सुट्टीला माझ्याकडे आली, तेव्हा तिने हे खंड वाचले आणि जेवतानाही लाइटच्या हुशारीचे कौतुक सांगत राहिली. मग दुसऱ्या खंडात नाओमी मिसोरा आली. तिच्या वाग्दत्त पतीला, लोक ज्याला किरा म्हणतात त्या अज्ञात खुन्याने, म्हणजे लाइटनेच, मारलेले असते आणि ती त्याचा माग काढत योगायोगाने लाइटलाच भेटते. सावधपणे ती खोटे नाव सांगते. तो गोड बोलून तिचा विश्वास मिळवतो आणि ती आपला वाहन परवाना त्याच्या हाती देते. भाची पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आली. "मावशी, तिने नाव सांगू नये असं मला वाटत होतं, आणि तो पकडला जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिने कोणाचं काय वाईट केलं होतं?"

हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीला कोणत्या मूल्यशिक्षणाच्या तासाने पाडला असता? खलनायक पहिल्या पानापासून कुरूप आणि क्रूर दाखवला, तर आपण त्याच्यासारखे नाही एवढेच समाधान वाचकाला मिळते. इथे तिला स्वतःच्याच मनाची भीती वाटली, आणि मला ती भीती फार मोलाची वाटते.

हे खंड आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, हे मान्य. २००७ साली ब्रसेल्समध्ये मानवी अवशेषांजवळ 'मी किरा आहे' अशा अर्थाची चिठ्ठी सापडली होती, हेही मला ठाऊक आहे. २०१५ मध्ये चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने ज्या ३८ मालिकांवर बंदी घातली, त्यांत 'डेथ नोट' होती. पण चिनी सरकारचा कित्ता आपल्या वाचनालयाने का गिरवावा?

आणि हे सगळे बोलणाऱ्यांनी शेवट वाचलेला नाही, याचा मला सर्वांत जास्त राग आहे. नवव्या खंडात आपला मुलगा निर्दोष असल्याच्या समाधानात लाइटचे वडील प्राण सोडत असतात आणि मुलगा त्यांना वहीत शत्रूचे नाव लिहायला सांगत असतो. तिथवर पोहोचेपर्यंत भाचीने लाइटचे कौतुक केव्हाच थांबवले होते. नाओमीपासून ती प्रत्येक बळीबद्दल तोच प्रश्न विचारत आली होती. ॲनिमेमध्ये, म्हणजे याच कथेवरच्या ॲनिमेशन मालिकेत, लाइटचा मृत्यू बराच हळवा केला आहे, मावळतीच्या उजेडात, आणि ती मला त्या मालिकेची चूक वाटते. मांगामध्ये तो मरायचे नाही म्हणून ओरडतो, गयावया करतो, आणि ज्या मृत्युदेव र्‍यूकने केवळ कंटाळा आला म्हणून वही पृथ्वीवर टाकली होती, तोच त्याचे नाव लिहितो. नवे जग घडवू पाहणारा हा देव त्याला पकडणाऱ्या निअर या गुप्तहेराच्या लेखी फक्त एक खुनी असतो. मात्र शेवटच्या, १०८व्या प्रकरणात किराचे भक्त मेणबत्त्या घेऊन डोंगर चढताना दिसतात. तो मेला, तरी त्याला देव मानणारे उरतात.

ते भक्त पाहून मला आपलीच माणसे आठवली, हे आता लिहूनच टाकते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली आणि आमच्या याच गटावर दिवसभर जल्लोष चालला. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाल्याचा निष्कर्ष काढला, त्यावर गटावर कोणी एक ओळ लिहिली नाही. त्या गुन्ह्याने माझेही रक्त उसळले होते. संताप मी समजू शकते. पण खटल्याविना मरण देणाऱ्यांवर फुले उधळावीत असे ज्यांना वाटले, त्यांनी मुलांवर किराचा परिणाम होईल अशी काळजी करावी, हे मला सहन होत नाही.

रविवारच्या बैठकीत मी या सूचनेला विरोध करणार आहे. माझ्याकडे बाराही खंड आहेत. ज्यांनी अंगठा दिला आहे त्यांनी आधी किमान दुसरा खंड संपेपर्यंत वाचावे. मागाल त्याला मी आज संध्याकाळीच घरी आणून देईन.