नॅनो-सिल्व्हर कवळी: हुपरीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'नॅनो-सिल्व्हर कवळीला (म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या कवळीला) भुलू नका' असं लिहून मी नव्या गोष्टीला नावं ठेवतो आणि ब्रश मारायला सांगून मोकळा होतो. तुमच्या आईंच्या कवळीखालच्या टाळूला बुरशी सारखी येते-जाते, गोळ्या खाऊन त्या कंटाळल्यात. आणि चांदी जंतू मारते हे चांदीच्या कामात मुरलेल्या हुपरीकरांना कोल्हापूरच्या डेंटिस्टनं शिकवू नये.

शेवटचं एकदम मान्य! चांदी कॅन्डिडालाही, म्हणजे तोंडातल्या या बुरशीलाही मारते. 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना वजनाच्या मानानं पृष्ठभाग प्रचंड, त्यातून चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात आणि बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवतात. प्रयोगशाळेत ॲक्रिलिकच्या (कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या) चकत्यांवर हे वारंवार दिसलंय. पण लाळेतलं क्लोराइड आणि प्रथिनं या आयनांना धरून ठेवतात. शिवाय कवळीवर लाळेचा नि अन्नाचा थर चढला की बुरशी त्या थरावर बसते, चांदी राहते खाली. पैंजणावर काळा थर चढला की आतल्या चांदीचं काय होतं, हे तुम्हीच मला सांगाल.

मग चांदी वाढवू या? जास्त घातली की कणांच्या गुठळ्या होतात, तिथं कवळी कच्ची राहते, गुलाबी रंगही मळकट होतो. उष्णतेनं पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकनं वाकवताना किमान 65 मेगापास्कल ताण सोसावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. लॅबवाल्याला एवढंच विचारा: चांदी वजनानं किती टक्के, आणि ती मिसळल्यावर ताकद तपासली का? माझ्याकडे आलेल्या रंगीत पत्रकात यातलं काही नव्हतं, 'आयुष्यभर बुरशीमुक्त' मात्र ठळक होतं. (चांदीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घालणाऱ्यांचं तर आणखी न्यारं. त्याचा जंतू मारण्याचा मुख्य गुण अतिनील प्रकाशात जागा होतो. कवळीखाली कुठलं ऊन?)

आता आईंची कवळी उजेडात उलटी धरा. बाहेरची बाजू गुळगुळीत, टाळूला चिकटणारी खडबडीत. ती बाजू पॉलिश करत नाहीत, केली तर फिटिंग जातं. तिथं नखानं हळूच खरवडलं तर बहुतेक पांढुरका, बुळबुळीत थर निघेल. बुरशीचं बस्तान तिथं आहे. गोळीनं टाळू बरी होते, कवळी तशीच राहते, पुन्हा लागण होते. तुमच्या 'येते-जाते'चं कारण बहुधा हेच.

दुसरं म्हणजे रात्र. आमच्याकडच्या कितीतरी आज्या कवळी काढून झोपत नाहीत. घरात जावई असला तर नाहीच नाही. कवळीखाली लाळ नीट पोचत नाही, त्यात शुगर वाढलेली किंवा दम्याचा पंप चालू असला तर बुरशीला रान मोकळं. टाळू लालभडक होते, पण बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून कुणी बघतही नाही.

नॅनो कवळी बसवायचीच असेल तर माझी हरकत नाही. पण तीही रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी लागेल, मऊ ब्रशनं टाळूच्या बाजूनं घासावी लागेल. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. आणि आई रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेत असतील, तर बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी किंवा मायकोनॅझोलची जेल सुरू करण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. या जोडीनं रक्तस्राव होऊ शकतो, आणि ही जेल 'तोंडात तर लावायची' म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही.