डांबराच्या थेंबाविषयी थोडी भर

जगभरातील विक्रमी नवलाईंच्या एका लेखात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील डांबराचा प्रयोग, म्हणजे सर्वाधिक काळ चाललेला प्रयोगशाळेतील प्रयोग, एका ओळीत आटोपला आहे, म्हणून ही भर. हातोडीच्या घावाने काचेसारखे फुटणारे डांबर प्रत्यक्षात अतिशय दाट द्रव असते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी प्रा. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये ते तापवून खालचे टोक बंद केलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे स्थिरावू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे टोक कापले. तेव्हापासून २०१४ पर्यंत अवघे नऊ थेंब सुटले. दरम्यान, १९८८ च्या थेंबानंतर इमारतीत वातानुकूलन आल्यावर डांबर आणखी घट्ट झाले आणि थेंबांमधले अंतर आठ-नऊ वर्षांवरून बारा-तेरा वर्षांवर गेले.

मला मात्र विक्रमापेक्षा प्रा. जॉन मेनस्टोन यांची गोष्ट अधिक लक्षात राहते. १९६१ पासून त्यांनी या नरसाळ्याची राखण केली. १९८८ मध्ये ते काही मिनिटांसाठी काहीतरी पिण्यास बाहेर गेले आणि नेमका तेव्हाच थेंब पडला, तर २००० मध्ये पाळतीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यानेच दगा दिला. जुलै २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील अशाच प्रयोगातील थेंब प्रथमच कॅमेऱ्यात टिपला गेला. पुढच्याच महिन्यात मेनस्टोन वारले. आपल्या नरसाळ्यातला थेंब सुटताना त्यांनी कधीच पाहिला नाही.