आमच्या गोट्याचं बाळंतपण

आमच्या घरी एक कासव आहे. मुलगा सात वर्षांपूर्वी हट्टाने घेऊन आला तेव्हा पाचच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं, दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता "साहेब, हे एवढंच राहतं", आज त्याची पाठ जेवणाच्या ताटलीएवढी आहे आणि दुकान कधीच बंद पडलंय. जातीने रेड इअर्ड स्लायडर, कानामागे लाल पट्टा, मूळ गाव मिसिसिपी नदी. आपली देशी कासवं घरात पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे म्हणून हे अमेरिकन नागरिक आमच्या डोंबिवलीच्या टू बीएचकेत आले. नाव ठेवलं गोट्या.

तर यंदा संक्रांतीच्या आधी गोट्याने खाणं सोडलं. आणि रात्री एक वाजला की टँकच्या काचेवर नखं घासायची, खर्र खर्र खर्र, बायकोला वाटलं उंदीर, मला वाटलं खालच्यांचं ड्रिलिंग, आईने थेट निदान केलं, "त्याला घर नको झालंय." कुत्र्यामांजरांचे डॉक्टर इकडे गल्लीगल्लीत आहेत पण कासव म्हटलं की तिघांनी फोनवरच हात जोडले, चौथे दादरला सापडले. मग भाजीच्या पिशवीत ओला टॉवेल, टॉवेलवर गोट्या, आणि साडेअकराची स्लो लोकल. पिशवीतून मान बाहेर आली तशी समोरच्या काकूंनी चपला काढून नमस्कार केला. देवळात ज्याच्या पाया पडतो ते इथे तिकीट न काढता बसलंय म्हणजे काय!

डॉक्टरांनी मागच्या पायाच्या खोबणीत बोट घालून चाचपलं, एक्स-रे काढला. पाठीच्या ढालीखाली सहा पांढऱ्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"अभिनंदन," ते म्हणाले, "अहो, हा गोट्या नाही."

नराची पुढची नखं लांबलचक असतात आणि शेपूट जाड, हे सात वर्षं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही बघायलाही गेलो नव्हतो. मी म्हटलं, डॉक्टर पण घरात दुसरं कासव नाही हो. मादी एकटी असली तरी अंडी देते म्हणे, नुसती पोकळ. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात कोणी पाहुणे? आणि माझ्या डोळ्यांसमोर मे महिना उभा राहिला. मित्र सहकुटुंब केरळला गेला होता, वीस दिवस त्याचा बंड्या आमच्याच टबमध्ये. आठ महिने झाले त्याला! पण कासविणी नराचं बीज महिनोन् महिने, कधी काही वर्षंसुद्धा पोटात सांभाळून ठेवतात. (आमच्याकडे मे महिन्यातलं लोणचं दिवाळीपर्यंत टिकत नाही.) मित्राला फोन केला तर म्हणाला, "पुरावा काय?" त्या दिवसापासून मी त्याला व्याही म्हणतो.

डॉक्टरांनी सांगितलं, माती द्या, कोरडी जागा नाही मिळाली तर अंडी पोटात अडकतात आणि जिवावर बेततं. आता तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणायची? बाल्कनीत आईचा गवती चहा आणि ओवा लावलेला एक लांबडा ट्रे आहे. आई आधी नाही म्हणाली, मग "बाळंतीण आहे बिचारी" म्हणून स्वतःच ओवा उपटून कुंडीत लावला.

मी जे बघितलं ते कधी विसरणार नाही. पुढचे पाय रोवून ती तशीच उभी, आणि मागच्या पायांनी खणतेय, एकदा डावा एकदा उजवा, माती कडक लागली तर स्वतःच पाणी सोडून भिजवतेय, मागे वळून एकदाही बघत नाही. तासाभराने पहिलं अंडं. लांबुळकं, पांढरं, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं. मागच्या पावलाने ते हळूच खाली सरकवलं, मग दुसरं. सहा झाली की माती ओढली, पोटाने थापून थापून सपाट केली आणि तरातरा टबाकडे निघाली. संतांनी लिहून ठेवलंय की कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते. आमच्या गोट्याने जी पाठ फिरवली ती फिरवली, नजर ठेवायचं कंत्राट आमच्याकडे.

आता खरी गंमत. कोंबडी अंडी उलटीपालटी करत बसते, कासवाच्या अंड्याला ते चालत नाही. आतला जीव सुरुवातीलाच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, नंतर अंडं फिरवलं तर तो मरू शकतो. म्हणून वर पेन्सिलने खूण करायची आणि जसं होतं तसंच उचलायचं. मी श्वास रोखून एक ते सहा नंबर घातले. चार नंबर हातातून गडगडलं. आणि मी वळून बघतो तर आई दोन नंबर नळाखाली धरायच्या बेतात, "मातकट झालंय रे."

श्रीखंडाच्या डब्यात नर्सरीतून आणलेलं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारे हलके खनिजाचे कण, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकंच ओलं, त्यात अंडी अर्धी पुरली. अंडी उबवायच्या पेटीसाठी माळ्यावरून गणपतीच्या मखराचा थर्माकोल काढला, 2018 ला बंदी आली तेव्हापासून तो तिथे भूमिगत होता. तळाला चार बोटं पाणी, पाण्यात फिश टँकचा हीटर, पाण्यात दोन विटा, विटांवर श्रीखंड. झाकणाची काच तिरकी ठेवायची, नाहीतर वाफेचे थेंब अंड्यांवर. वर अजून महिरप आणि चमकी तशीच, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आधी हात जोडायचा आणि मग विचारायचा आत काय आहे.

आणि मग तापमान. या कासवांचं लिंग गर्भात ठरत नाही, पेटीत ठरतं. सव्वीस-सत्तावीस डिग्रीला सगळे नर, एकतीसला सगळ्या माद्या, एकोणतीसच्या आसपास मिसळ. हे मी जेवताना बोलून बसलो ती चूक. आईला मुली हव्या होत्या, मुलाला एक तरी खरा गोट्या हवा होता, बायको म्हणाली "काहीही होऊ दे, माझा हॉल मला परत द्या". मी पाण्याला उठलो की हीटर एकतीसवर, आंघोळ करून येतो तर सत्तावीसवर! तिसऱ्या दिवशी मुलाने पेटीवर कागद चिकटवला, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.' मी एकोणतीस लावलं आणि बटणावर चिकटपट्टी मारली.

आठवड्याभरात चार अंड्यांच्या वरच्या बाजूला खडूसारखा पांढराफटक पट्टा दिसायला लागला, म्हणजे आत काहीतरी आहे. एक आणि सहा पिवळट राहिली, मग चेपली, मग असा वास की वॉचमनने वर येऊन गॅसचं विचारलं. टॉर्चखाली बघायचं असेल तर अंधार हवा म्हणून आम्ही चौघं बाथरूममध्ये दार लावून, अंडं डब्यातच, बाजूने मोबाईलचा उजेड. तांबड्या बारीक शिरा, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. कोणी बोललं नाही. मग बेल वाजली आणि चौघं एकदम बाथरूममधून बाहेर आलो, दारात सोसायटीचे सेक्रेटरी.

जानेवारी पेटी गरम करण्यात गेला, पण मार्च लागल्यावर दुपारी हॉल चौतीसवर आणि आता थंड कसं करायचं? हीटर बंद, पेटी आईच्या पलंगाखाली, भोवती ओलं गोणपाट, दोन तासांनी बर्फाची बाटली. ऑफिसमधून फोन करायचो तर "जेवलास का" च्या आधी "किती आहे" विचारायचो. त्यातच फेब्रुवारीत गोट्याने आणखी पाच अंडी दिलेली, ती त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ही कासवं तीस वर्षं आरामात जगतात, घरात नऊ कुठे ठेवणार, आणि तलावात सोडली तर तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर हीच दादागिरी करतात. लोक सोडतात, सोडू नका. डबीवर 'खाऊ नये' लिहिलं होतं तरी व्याही घरी आले तेव्हा त्यांनी उघडून बघितलीच.

त्रेसष्टाव्या दिवशी तीन नंबरला भोक. नाकाच्या टोकावर एक टाचणीएवढा पांढरा काटा असतो त्याने ते कवच फाडतं, आणि मग बसून राहतं. दीड दिवस! मुलगा वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आलेला, तिथे टोपली उचलली की पिल्लं समुद्राकडे धावतात, त्याला वाटलं तसंच. मदत करायची नाही, पोटाला अजून पिवळा बलक लोंबत असतो, तो आत जाईपर्यंत हात लावायचा नाही. आई स्टूल टाकून पेटीसमोर. जप सुरू, नजर काचेवर. तीन निघालं, मग पाच, मग दोन. चार नंबर, जे माझ्या हातातून गडगडलं होतं, ते नाही निघालं. त्याबद्दल घरात मला कोणी काही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं.

गोट्याला बाळं लांबूनच दाखवली, कारण मोठं कासव पिल्लाला खाऊसुद्धा शकतं. तिने बघितलं आणि तोंड उघडलं. वेगळा टब घ्यावा लागला.

शेजारच्या काकांना एक हवंय, वास्तूसाठी, उत्तर दिशेला. मी टबाची साईज, फिल्टर, ऊन मिळायला दिवा आणि तीस वर्षं एवढं सांगितल्यावर त्यांनी पितळेचं घ्यायचं ठरवलं. एक व्याह्यांकडे जाणार, तसं आता लेखी घेतलंय.

राहता राहिलं वाटायचं काय. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, आई पैसे हातात घेऊन उभी. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, बाहेरून बघून आत्ता नाही कळणार, नखं नि शेपूट वाढायला अजून तीन-चार वर्षं तरी लागतील.

शेवटी फरसाण वाटलं.